बत्तीस शिराळा ते परळ: विष, प्रतिविष आणि प्रथिने निवडण्याचा सव्वाशे वर्षांचा खटाटोप

१/ श्रावण शुद्ध पंचमीला सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा या गावाकडे साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष लागते. येथे पिढ्यानपिढ्या जिवंत नागाची पूजा होत असे. सणाआधी शेताबांधावरून नाग पकडायचे, मडक्यांत जपून ठेवायचे, अंबामातेच्या दर्शनाला न्यायचे आणि सण सरला की पुन्हा शिवारात सोडून द्यायचे, असा तो रिवाज. मात्र ज्या शिवारात हा नाग सापडतो, तेथेच पावसाळ्यात माणसे चिखलात उभी राहून भाताची कामे करीत असतात. पूजा वर्षातून एक दिवस आणि दंशाचे भय बारमाही. त्या भयावरचा उतारा प्रयोगशाळेत कसा घडला, हा या थ्रेडचा विषय.

२/ गावाची आख्यायिका सर्वश्रुत आहे. मातीच्या नागाची पूजा करणाऱ्या गृहिणीला गोरक्षनाथांनी विचारले, जिवंत नाग पुजशील का? तिने होकार दिला आणि परंपरा सुरू झाली. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने जिवंत नागांच्या खेळांना व मिरवणुकांना आळा बसला. या वादावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच नागाच्या विषाचा आणि त्यावरील औषधाचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो.

३/ जुने कागद धुंडाळणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ब्रिटिश अमदानीत शिराळा हे सातारा जिल्ह्यात मोडत असे. १ ऑगस्ट १९४९ रोजी 'दक्षिण सातारा' हा वेगळा जिल्हा झाला आणि २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्याला 'सांगली' हे नाव मिळाले. म्हणून या मुलखातील सर्पदंशाच्या जुन्या नोंदी साताऱ्याच्या दप्तरात पाहाव्या लागतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप भारतातील बहुतेक सर्पदंश-मृत्यूंना कारण मानले जातात. जिल्ह्यांच्या सीमा त्यांनी अर्थातच कधी ओळखल्या नाहीत.

४/ एकोणिसाव्या शतकात या दंशांवर खात्रीचा उपाय नव्हता. सर जोसेफ फेरर या ब्रिटिश शल्यवैद्याचा 'थॅनॅटोफिडिया ऑफ इंडिया' हा भारतातील विषारी सापांवरचा भव्य ग्रंथ १८७२ मध्ये निघाला. त्यात सापांची उत्कृष्ट चित्रे होती, प्रयोगांची तपशीलवार वर्णने होती. उपाय मात्र नव्हता. सरकारने साप मारणाऱ्यांना बक्षिसे लावून पाहिली. डॉक्टरांनी दंशाची जागा कापून पाहिली, तीत पोटॅशियम परमँगनेट भरून पाहिले. गावात मांत्रिक होता आणि देवळात अंगारा होता. शहरातील वैद्यकाची स्थितीही त्याहून फारशी बरी नव्हती.

५/ पहिली वाट सापडली ती फ्रेंच वैद्य आल्बेर काल्मेत यांना. १८९१ पासून सायगाव येथे काम करताना त्यांनी नागदंशाचे बळी जवळून पाहिले होते. मायदेशी परतल्यावर त्यांनी प्राण्यांना विषाच्या अल्प मात्रा क्रमाक्रमाने वाढवीत दिल्या. त्या प्राण्यांच्या रक्तजलात विष निष्प्रभ करण्याची शक्ती उत्पन्न होते, हे त्यांनी दाखवले. फिसालिक्स आणि बर्त्राँ या दोघांनीही १८९४ मध्ये स्वतंत्रपणे हेच सिद्ध केले. लवकरच घोड्याच्या रक्तापासून औषध तयार होऊ लागले. काल्मेत यांचा समज असा होता की, नागाच्या विषावरचे हे रक्तजल इतर सापांच्या विषावरही चालेल.

६/ तो समज मोडण्यात मुंबईचा मोठा वाटा आहे. प्लेगच्या साथीत वाल्देमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. तीच आजची हाफकिन संस्था. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे काम करणाऱ्या जॉर्ज लॅम्ब यांनी नाग आणि घोणस यांच्या विषांचा तौलनिक अभ्यास केला. नागावरचे रक्तजल घोणशीच्या विषापुढे निरुपयोगी ठरते, असा त्याचा निष्कर्ष होता. ज्याचे विष, त्याचाच उतारा!

७/ असे का व्हावे? विष हा एकच पदार्थ नाही. ते अनेक प्रथिनांचे मिश्रण आहे. काही प्रथिने मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातील संदेश तोडतात, काही रक्ताची गोठण्याची क्रिया बिघडवतात, काही पेशींची आवरणे फोडतात. नागात एक मिश्रण, घोणशीत दुसरे. उताराही प्रथिनांचाच असतो, कारण घोड्याच्या शरीरात तयार होणारी प्रतिपिंडे हीही प्रथिनेच. म्हणजे प्रश्न दुहेरी झाला: विषातील प्रथिने एकमेकांपासून वेगळी कशी करायची आणि घोड्याच्या रक्तातील शेकडो प्रथिनांमधून उपयोगाची प्रतिपिंडे कशी निवडायची?

८/ निवड करण्याची एक किल्ली प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. उकळत्या दुधात लिंबू पिळले की दूध फाटते. दुधातील केसीन या प्रथिनाच्या कणांवर एरवी ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात आणि दुधात तरंगत राहतात. आम्ल वाढून सामू ४.६ च्या आसपास आला की धन आणि ऋण भार समसमान होतात. कणांना एकमेकांना दूर ठेवणारे काही उरत नाही आणि त्यांच्या गुठळ्या होतात. प्रत्येक प्रथिनाचा असा स्वतःचा एक सामू असतो. त्याला समविद्युत बिंदू म्हणतात. केंब्रिजच्या विल्यम हार्डी यांनी १९०० च्या सुमारास ही कल्पना मांडली, तर सामूची मोजपट्टी सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत दिली.

९/ औषध करणाऱ्यांनी आधी याहून सोपी वाट धरली. ती म्हणजे क्षाराची. रक्तजलात अमोनियम सल्फेट मिसळत गेले की क्षार पाणी स्वतःकडे ओढून घेतो आणि प्रथिने खाली बसू लागतात. प्रतिपिंडे आधी बसतात, अल्ब्युमिन नंतर. न्यूयॉर्कमध्ये गिब्सन यांनी १९०६ मध्ये घटसर्पाच्या रक्तजलासाठी ही रीत वापरली. त्याच काळात हिमालयातील कसौली येथे नाग आणि घोणस यांच्यावरील रक्तजल तयार होऊ लागले. ज्या मुलखात मृत्यू काही तासांवर येऊन ठेपलेला असतो, त्याच्यासाठी औषध शेकडो कोसांवर, तेही मोजकेच. साताऱ्याच्या घाटमाथ्यावरील माणसाला त्याचा लाभ किती होणार, हे उघड आहे.

१०/ पुढे ही जबाबदारी हाफकिन संस्थेनेही उचलली. १९३२ पासून १९४९ पर्यंत साहिबसिंग सोखी तिचे संचालक होते. त्यांच्या कारकिर्दीत लसी, रक्तजले आणि औषधे देशातच मोठ्या प्रमाणावर करण्यावर भर होता. परळच्या आवारात सर्पालय होते. तेथे डॉ. पी. जे. देवरस यांनी सापांची निगा, त्यांच्यापासून मिळणाऱ्या विषाचे प्रमाण आणि त्यातील चढउतार यांच्या नोंदी ठेवल्या. त्यांचे 'स्नेक्स ऑफ इंडिया' हे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने प्रसिद्ध केले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषांवर एकत्र चालणारे औषध ही कल्पना येथे रुजली. दंश कोणत्या सापाने केला हे रात्रीच्या अंधारात सांगता येत नाही. म्हणून चारांवर एक.

११/ या औषधाला एक मोठी खोट होती. घोड्याच्या रक्तातील बहुसंख्य प्रथिनांचा सापाच्या विषाशी काही संबंध नसतो. ती माणसाच्या शरीरात गेली की शरीर त्यांना परके समजते. कोणाला तत्काळ गांधी उठतात, धाप लागते, रक्तदाब कोसळतो. कोणाला आठवडाभराने ताप आणि सांधेदुखी सुरू होते. उताऱ्यानेच रोगी दगावण्याची भीती असल्याने पुष्कळ डॉक्टर ते टोचायला कचरत. त्यामुळे शुद्धीकरण हा प्रयोगशाळेतील हौसेचा विषय राहिला नाही. सुई टोचणाऱ्या डॉक्टरचा हात थांबणार की नाही, हे त्यावर ठरत होते.

१२/ १९३० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये सी. जी. पोप यांनी नवा मार्ग दाखवला. जठरात अन्न पचवणारे पेप्सिन हे विकर रक्तजलात मिसळायचे आणि सामू ३ ते ३.५ च्या घरात न्यायचा. अल्ब्युमिनसारख्या प्रथिनांचे तुकडे होतात, प्रतिपिंडाचा कामाचा भाग मात्र शाबूत राहतो. नंतर उष्णता देऊन आणि क्षार घालून नको असलेला गाळ काढून टाकायचा. ऐकायला सोपे; करायला जोखमीचे. सामू ७ वरून ३ वर नेताना आणि परत आणताना द्रव अनेक प्रथिनांच्या समविद्युत बिंदूंतून पार होतो. आम्ल घाईने ओतले, ढवळणे कमी पडले, तर चांगली प्रतिपिंडेही गुठळ्यांत अडकून वाया जातात.

१३/ ही रीत का चालते, याचे उत्तर कारखान्यांना रीत मिळाल्यानंतर वीस वर्षांनी मिळाले. १९६० च्या सुमारास निसोनॉफ यांनी दाखवले की, पेप्सिन प्रतिपिंडाचे शेपूट तोडते आणि विषाला पकडणाऱ्या दोन्ही भुजा एकत्र जोडलेल्या राहतात. प्रतिपिंडाची संपूर्ण रचना उलगडल्याबद्दल पोर्टर आणि एडेलमन यांना १९७२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. विज्ञानाच्या इतिहासात हा क्रम अनेकदा दिसतो: आधी हात शिकतो, मग डोके समजून घेते.

१४/ दुसरी अडचण रस्त्याची आणि विजेची. द्रवरूप औषध २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावे लागते. पाटण, जावळी, शिराळा यांसारख्या डोंगरी तालुक्यांतील आरोग्य केंद्रांत अखंड वीज हे दीर्घकाळ स्वप्नच होते. म्हणून औषध गोठवून, निर्वात स्थितीत त्यातील पाणी काढून त्याची कोरडी वडी करण्याची रीत भारतात रूढ झाली. अशी कुपी शीतकपाटाविना टिकते. पण येथेही प्रथिनांचा स्वभाव आडवा येतोच. शुद्धीकरणात गुठळ्या राहून गेल्या असतील तर कुपीतील वडी लवकर विरघळत नाही; आणि दारात रोगी तडफडत असताना परिचारिकेला कुपी हलक्या हाताने फिरवत बसावे लागते.

१५/ आता विषाची बाजू. कलकत्त्यात एन. के. सरकार यांनी १९४७ मध्ये नागाच्या विषातून हृदयावर आघात करणारा घटक वेगळा केला. भारतीय रसायनशास्त्रातील हे एक महत्त्वाचे पाऊल. तरीही एका विषात नेमकी किती प्रथिने आहेत, हे मोजण्याचे हत्यार हाती नव्हते. ते स्वीडनमधून आले. १९६१ मध्ये हॅरी स्वेन्सन यांनी समविद्युत केंद्रीकरणाचा सिद्धान्त मांडला. त्यांच्यामागोमाग ओलोफ वेस्टरबर्ग यांनी त्यासाठी लागणारी 'ॲम्फोलाइट' ही रसायने तयार केली आणि सिद्धान्त प्रत्यक्षात उतरला.

१६/ युक्ती अशी. काचेच्या उभ्या नळीत ॲम्फोलाइटच्या साह्याने एका टोकाला आम्ल, दुसऱ्या टोकाला अल्कली आणि मध्ये सर्व पायऱ्या, असा सामूचा चढ तयार करायचा. विद्युतप्रवाह सोडला की प्रत्येक प्रथिन आपल्या भारानुसार सरकू लागते. स्वतःच्या समविद्युत बिंदूवर पोहोचताच त्याचा भार शून्य होतो आणि ते तेथेच थांबते. बाहेर भरकटले तर भार पुन्हा येतो आणि त्याला मागे ढकलतो. नळीतील थर एकमेकांत मिसळू नयेत म्हणून त्यात साखरेच्या पाकाचा चढ असे. तळाशी दाट, वर पातळ. उसाच्या सांगली-साताऱ्यात पिकणारी तीच साखर, फक्त काम वेगळे.

१७/ कागदावर ही रीत निर्दोष आहे; अडचणी प्रत्यक्ष नळीत सुरू होतात. प्रथिन नेमके जेथे थांबायचे, तेथेच ते सर्वांत कमी विरघळते. म्हणजे यश मिळाले की लगेच गाळ! तो गाळ नळीतून खाली घसरतो आणि वेगळे झालेले थर पुन्हा मिसळतात. नमुन्यात क्षार उरला असेल तर प्रवाह क्षारातूनच वाहतो, नळी तापते आणि प्रथिने बिघडतात. म्हणून आधी दीर्घकाळ क्षार काढून टाकावा लागे. नळीचे काम एक ते तीन दिवस चाले. त्या काळची प्रचलित नळी ११० किंवा ४४० मिलिलिटरची. हाती येणारे शुद्ध प्रथिन मिलिग्रॅमांत. शिवाय शेवटी ॲम्फोलाइट प्रथिनापासून सोडवायचे, हे आणखी एक काम.

१८/ नागाने तर या रीतीची खास परीक्षा पाहिली. त्याच्या विषातील सर्वांत घातक प्रथिने, म्हणजे श्वास थांबवणारी छोटी विषप्रथिने, तीव्र अल्कलीधर्मी असतात. त्यांचे समविद्युत बिंदू चढाच्या अगदी टोकाला येतात. नेमके त्याच टोकाला सामूचा चढ स्थिर राहत नाही. वेळ जाईल तसा तो ऋणाग्राकडे सरकत जातो आणि टोकाची प्रथिने चढाबाहेर निसटतात. ज्यांचा शोध घ्यायचा, तेच पळून जाणार! १९७७ मध्ये ओफॅरेल आणि सहकाऱ्यांनी प्रथिने स्थिरावण्याआधीच प्रयोग थांबवण्याची तोड काढली, तर १९८२ मध्ये सामूचा चढ जेलमध्येच पक्का बांधण्याची रीत आली. तेव्हा कुठे हे फरारी काहीसे हाती लागले.

१९/ प्रतिपिंडे याच रीतीने शुद्ध का करू नयेत, असा प्रश्न साहजिक आहे. उत्तर १९६८ मध्ये लंडनमधील औदेह, विल्यमसन आणि ॲस्कोनास यांच्या कामातून मिळाले. पेशींच्या एकाच कुळातून आलेली प्रतिपिंडे जेलवर मोजक्या रेषांत दिसतात. घोड्याच्या रक्तात मात्र अशी असंख्य कुळे असतात आणि प्रत्येकाचा समविद्युत बिंदू निराळा असतो. म्हणून प्रतिविषातील प्रतिपिंडे एका जागी गोळा न होता साऱ्या चढावर पसरतात. एका पेठेत राहणाऱ्यांना शोधणे सोपे. साऱ्या शहरात विखुरलेल्या एका आडनावाच्या माणसांना त्याच युक्तीने गोळा करता येत नाही.

२०/ त्यामुळे कामाची वाटणी झाली. समविद्युत केंद्रीकरण हे परीक्षकाचे साधन ठरले: विषात काय आहे, औषधाच्या दोन घाण्यांत फरक पडला का, हे पाहण्यासाठी. औषध मात्र साध्या रीतींनीच बनत राहिले. १९९४ मध्ये कोस्टा रिकाच्या संशोधकांनी कॅप्रिलिक आम्लाची रीत प्रतिविषासाठी प्रसिद्ध केली. किंचित आम्लधर्मी द्रवात हे आम्ल अल्ब्युमिनसारख्या नको असलेल्या प्रथिनांना खाली बसवते आणि प्रतिपिंडे द्रवातच राहतात. हवे ते गाळात न जाता नको ते गाळात जाते, म्हणून गुठळ्या कमी होतात. मुळाशी तत्त्वाचा आधार तोच: दोन प्रथिनांच्या समविद्युत बिंदूंतील अंतर.

२१/ लॅम्ब यांनी मुंबईत उपस्थित केलेला प्रश्न मात्र संपला नाही. तो अधिक सूक्ष्म होऊन परतला. १९७८ मध्ये तमिळनाडूत इरुळा सर्पग्राहकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि कालांतराने देशातील प्रतिविषासाठी लागणारे बहुतेक विष तेथूनच येऊ लागले. १९८८ मध्ये म्हैसूर विद्यापीठाच्या जयंती आणि गौडा यांनी भारताच्या निरनिराळ्या भागांतील घोणशींच्या विषात फरक असल्याचे दाखवले. २०१९ आणि २०२१ मध्ये बंगळूरूच्या कार्तिक सुनगर यांच्या गटाने हा फरक औषधाच्या परिणामापर्यंत पोहोचतो, हे सप्रयोग मांडले. जात एकच असली तरी मुलूख बदलला की विष बदलते. मग दक्षिणेतील विषावर बेतलेले औषध वारणाकाठच्या घोणशीपुढे किती टिकेल?

२२/ प्रश्नाचे वजन आकड्यांत पाहावे. प्रमाणित भारतीय प्रतिविषाच्या १ मिलिलिटरने नाग आणि घोणस यांचे प्रत्येकी ०.६ मिलिग्रॅम, तर मण्यार आणि फुरसे यांचे प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ व्हावे, असा मानदंड आहे. म्हणजे १० मिलिलिटरच्या कुपीने घोणशीचे ६ मिलिग्रॅम विष आवरते. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते, असे उपचारपद्धतीत धरले जाते. हिशेब सरळ आहे: साधारण दहा कुप्या. औषधाची पकड स्थानिक विषावर सैल पडली तर कुप्या वाढतात, घोड्याची परकी प्रथिने वाढतात आणि गांधी, धाप, कोसळता रक्तदाब यांचा धोकाही वाढतो.

२३/ २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक ग्रामीण, बहुतेक पावसाळ्यात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत स्थान दिले. २०२४ मध्ये भारत सरकारने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. आराखड्याचे यश अखेर कुपीतील प्रथिनांवर आणि ती कुपी वेळेत पोहोचवणाऱ्या रस्त्यावर अवलंबून राहील.

२४/ शिराळ्याच्या कथेतील गृहिणीने मातीचा नाग आणि जिवंत नाग यांतील भेद पाहिला. परळच्या प्रयोगशाळेने एका जिवंत नागाचे विष आणि दुसऱ्या सापाचे विष यांतील भेद पाहिला. आजचे संशोधन एकाच जातीच्या दोन मुलखांतील सापांमधला भेद पाहत आहे. सव्वाशे वर्षांचा हा प्रवास म्हणजे अधिकाधिक बारीक भेद ओळखण्याचा प्रवास आहे. पुढची पायरी महाराष्ट्रातील सापांच्या विषावर तोललेल्या प्रतिविषाची. तोवर चिखलात उभ्या असलेल्या माणसाने पायात गमबूट घालावेत, रात्री बॅटरी बाळगावी आणि दंश झाल्यास दंश झालेला अवयव न हलवता, न कापता, न आवळता थेट रुग्णालय गाठावे. नागाला नमस्कार दुरूनच करावा.

थ्रेड समाप्त.